शुद्ध नव्हे, बरोबर : जर्मन लेखन तपासणाऱ्या साधनाविषयी

१

बीड जिल्ह्यातील मुले-मुली जर्मन भाषा शिकू लागली आहेत, ही घटना वरवर किरकोळ वाटेल. परंतु ज्या जिल्ह्यातून दर वर्षी दिवाळीच्या आसपास हजारो 'कोयते' पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील कारखान्यांकडे जातात, त्या जिल्ह्यातली परिचारिका अभ्यासक्रमाची विद्यार्थिनी वहीत जर्मन नामांची लिंगे पाठ करीत बसते, तेव्हा त्यामागे हौस नसते, गरज असते. जर्मनीला रुग्णसेवेसाठी माणसे हवी आहेत. २०२४ साली महाराष्ट्र शासन आणि जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग हे राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळासंबंधी करार झाला आणि प्रायोगिक तत्त्वावर सुमारे १०,००० तरुणांना पाठविण्याचे उद्दिष्ट जाहीर झाले. तेथे परिचारिका म्हणून मान्यता मिळवायची तर साधारणपणे 'बी-२' पातळीपर्यंत जर्मन यावी लागते. युरोपात भाषाज्ञानाच्या ए-१ ते सी-२ अशा सहा पायऱ्या मानतात. बी-२ ही त्यांतली चौथी. म्हणजे आमच्या मुलीचा कोयता सुटायचा असेल तर चार पायऱ्या चढाव्या लागतात, आणि त्या नुसते बोलून चढता येत नाहीत. लिहावे लागते.

मी मराठीचा प्राध्यापक आहे. आई-वडील ऊसतोडीला जात. घराण्यात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. गेली काही वर्षे मी विद्यार्थ्यांच्या बरोबरीने जर्मन शिकतो आहे. त्यांची पत्रे, अर्ज, जीवनवृत्तांत माझ्यासमोर येतात. बहुतेकांच्या हातात मोबाईल आहे आणि त्यात जर्मन लेखन तपासून देणारे आंतरजालावरचे साधन आहे. मजकूर टाकावा, क्षणात चुकांखाली रेघा उमटतात, बोट ठेवले की दुरुस्ती हजर. या साधनाविषयी आमच्याकडे दोन टोकाची मते आहेत. विद्यार्थ्यांना वाटते की रेघ गेली म्हणजे लेखन निर्दोष झाले. काही शिक्षकांना वाटते की हे साधन म्हणजे कॉपी. ही दोन्ही मते साधन न समजून घेता झालेली आहेत. ते काय करते, कसे करते आणि कोठे थांबते हे पाहणे हा या लेखाचा हेतू आहे. ते पाहताना आपल्या जिव्हाळ्याचा एक जुना प्रश्नही समोर येतो : लेखन 'शुद्ध' आहे असे कोण ठरवतो, आणि कशाच्या आधारे?

जर्मनशी आपला संबंध अगदीच नवा नाही. कोलंबिया विद्यापीठात १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेबांनी अर्थशास्त्राच्या अनेक अभ्यासक्रमांबरोबर प्राथमिक जर्मनचाही एक अभ्यासक्रम घेतला होता. पुढे १९२१ साली लंडनहून त्यांनी बॉन विद्यापीठात प्रवेशासाठी अर्ज केला आणि त्यासाठीचा जीवनवृत्तांत स्वतःच्या हाताने जर्मन भाषेत लिहिला. तेथे त्यांचे नाव नोंदलेही गेले. पदवी मात्र लंडनला झाली. शंभर वर्षांनंतर आमची विद्यार्थिनी जेव्हा जर्मन भाषेत आपला जीवनवृत्तांत लिहायला बसते, तेव्हा ती ज्या वाटेवर आहे तिच्यावर पहिले पाऊल कोणाचे पडले आहे, हे तिला माहीत असावे म्हणून हा उल्लेख.

२

प्रथम शब्दाचा विचार करू. मराठीत आपण 'शुद्धलेखन' म्हणतो. शुद्ध म्हणजे विटाळ नसलेले. ज्या समाजाने पाण्याला, सावलीला आणि स्पर्शाला शुद्ध-अशुद्धाची कसोटी लावली, त्या समाजाने लेखनालाही तोच शब्द लावावा हा योगायोग मानायला मी तयार नाही. 'पाणी' ऐवजी 'पानी' म्हणणाऱ्या पोरावर वर्ग हसतो, ते केवळ एका व्यंजनावर हसत नाही. त्या उच्चारामागची वस्ती त्याला दिसते म्हणून हसतो. मी शाळेत असताना माझ्या निबंधावर लाल शाईने 'अशुद्ध' एवढाच शेरा मिळत असे. काय चुकले, कोणत्या नियमाने चुकले, कसे लिहायला हवे होते, यातले काहीही त्या शेऱ्यात नसे. ज्याच्या घरी सांगणारे कोणी आहे त्याचे भागते. ज्याच्या घरी नाही, त्याच्या लेखी तो शेरा म्हणजे निकाल असतो आणि त्याच्यावर अपील नसते.

जर्मनमध्ये या गोष्टीला 'रेश्टश्राइबुंग' म्हणतात. 'रेश्ट' म्हणजे योग्य, बरोबर. 'श्राइबुंग' म्हणजे लेखन. येथे कसोटी बरोबर-चूक अशी आहे, पवित्र-अपवित्र अशी नाही. तेथील लोक आपल्याहून उदार आहेत असा याचा अर्थ काढू नये. पण 'बरोबर' म्हटले की 'कोणत्या नियमाने?' असा प्रश्न विचारता येतो, 'शुद्ध' म्हटले की तोंड बंद होते, हा फरक लक्षात घेण्याजोगा आहे.

आणि ते नियम कोणी केले? माणसांनी केले, आणि वेळोवेळी बदलले. कोनराड ड्यूडेन नावाच्या एका शाळामास्तराने १८८० साली जर्मन शब्दांच्या लेखनाचा कोश प्रसिद्ध केला. १९०१ साली बर्लिनला परिषद भरून सर्व जर्मन प्रदेशांसाठी समान नियम ठरले. १९९६ साली जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड आदी देशांनी व्हिएन्ना येथे लेखन-सुधारणेचा करार केला आणि १९९८ पासून ती शाळांत व कचेऱ्यांत लागू झाली. त्यावरून तेथे मोठा गदारोळ झाला. प्रकरण सर्वोच्च घटना-न्यायालयात गेले. एका राज्यात लोकांनी मतदान करून ही सुधारणा नाकारली. एका प्रतिष्ठित दैनिकाने २००० साली पुन्हा जुने लेखन सुरू केले आणि काही वर्षांनी ते सोडले. शेवटी २००४ साली नेमलेल्या लेखन-मंडळाने काही नियम सैल केले आणि २००६ पासून आजची पद्धत रूढ झाली. २०१७ साली तर वर्णमालेत एका मोठ्या अक्षराला अधिकृत जागा मिळाली.

आपल्याकडेही याहून वेगळे घडलेले नाही. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ साली लेखनाचे १४ नियम केले आणि १९७२ साली त्यांत ४ नियमांची भर घातली. त्यापूर्वी जे अनुस्वार न दिल्यास मुलांचे गुण जात, ते उच्चारात नसलेले अनुस्वार एका ठरावाने गेले. म्हणजे आदल्या दिवशी जे 'अशुद्ध' होते ते दुसऱ्या दिवशी 'शुद्ध' झाले. विटाळ असा ठरावाने जात नसतो. करार मात्र ठरावाने बदलतो. लेखनाचे नियम हा एक सामाजिक करार आहे. तो पाळावा, कारण दुसऱ्याला आपले म्हणणे विनासायास कळावे. परंतु त्याच्यापुढे मान खाली घालण्याचे कारण नाही.

३

आता साधनाकडे वळू. जर्मन लेखन तपासणारी साधने अनेक आहेत. ड्यूडेन कोशाच्या प्रकाशकांनीही असे एक साधन काढले. आमचे विद्यार्थी वापरतात त्यांत 'लँग्वेजटूल' हे नाव प्रमुख आहे. डानिएल नाबर या विद्यार्थ्याने बीलेफेल्ड विद्यापीठातील आपल्या पदविका-प्रबंधासाठी २००३ साली त्याची सुरुवात केली. त्याचा मूळ गाभा खुला आहे; म्हणजे त्यात कोणते नियम कसे लिहिले आहेत हे कोणालाही वाचता येते. ही गोष्ट माझ्या मते फार महत्त्वाची आहे, तिच्याकडे शेवटी येईन.

असे साधन चार पायऱ्यांनी काम करते. पहिली पायरी, मजकुराची वाक्ये पाडणे. हे वाटते तितके सोपे नाही. जर्मनमध्ये तारीख लिहिताना '३ मे' मधील ३ नंतर पूर्णविराम देतात, संक्षेपातही देतात; तेव्हा प्रत्येक टिंबाशी वाक्य संपत नाही, हे यंत्राला आधी शिकवावे लागते. दुसरी पायरी, प्रत्येक शब्द कोशाशी ताडून पाहणे. येथे जर्मनचा समासप्रियपणा आडवा येतो. 'क्रांकेनहाउस' म्हणजे रुग्णालय. आजारी आणि घर या दोन शब्दांचा हा समास. असे दोन, तीन, चार शब्द जोडून नवा शब्द करण्याची मुभा जर्मन माणसाला नेहमीच असते, त्यामुळे सगळे शब्द कोणत्याच कोशात मावत नाहीत. साधन अशा शब्दाचा विग्रह करून पाहते. तुकडे ओळखीचे निघाले आणि सांधा नियमाप्रमाणे असला तर शब्द चालवून घेते. आपण समास सोडवतो तसेच हे.

तिसरी पायरी, प्रत्येक शब्दाचे व्याकरण चालवणे : नाम की क्रियापद, लिंग कोणते, वचन कोणते, विभक्ती कोणती. पुष्कळदा एकाच रूपाला अनेक उत्तरे असतात. 'डेर' हे उपपद पुल्लिंगी प्रथमेचे असते, तसेच स्त्रीलिंगी चतुर्थीचेही असते. शेजारचे शब्द पाहून निवड करावी लागते. चौथी पायरी म्हणजे नियम. 'अमुक शब्दयोगी अव्ययापुढे चतुर्थी हवी', 'उपपद आणि नाम यांचे लिंग जुळले पाहिजे', 'या शब्दापूर्वी स्वल्पविराम हवा' अशा पुष्कळ नियमांशी वाक्य ताडले जाते. जुळले नाही की रेघ, आणि रेघेवर बोट ठेवले की एक-दोन ओळींचे कारण.

अलीकडे या साधनांत दुसऱ्या एका पद्धतीची भर पडली आहे. अफाट मजकूर वाचून 'येथे बहुधा असे लिहितात' हा अंदाज बांधणारी ही यंत्रणा संपूर्ण वाक्यच नव्याने लिहून देते. वाक्य पुष्कळदा छान असते. पण ते तसे का केले, हे प्रत्येक वेळी सांगितले जातेच असे नाही. शिकणाऱ्याच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे.

४

साधनाला काय सापडते? जर्मनमध्ये प्रत्येक नामाचे पहिले अक्षर मोठ्या लिपीत लिहितात. देवनागरीत लहान-मोठे अक्षर नसल्याने आमचे विद्यार्थी हे हमखास विसरतात, आणि साधन हे चटकन दाखवते. 'डास' असा एकाच उच्चाराचा शब्द दोन प्रकारे लिहितात : उपपद असेल तर शेवटी एक 'एस', आणि 'मला वाटते की' यातील 'की' च्या अर्थाने असेल तर दोन. १९९६ पूर्वी दुसऱ्या अर्थी दोन 'एस' च्या जागी एक वेगळेच अक्षर लिहीत. तेव्हा जुन्या छापाच्या पुस्तकावरून शिकणारा विद्यार्थी त्या काळचे बरोबर लेखन करतो आणि साधन त्याखाली रेघ ओढते. विद्यार्थ्याने घाबरू नये. ती रेघ पुस्तकाच्या वयावर आहे.

'डॉक्टरांबरोबर' म्हणताना कोणी 'मिट डेर आर्त्स्ट' लिहिले तर साधन अडवते. 'मिट' पुढे चतुर्थी येते आणि 'आर्त्स्ट' पुल्लिंगी आहे, म्हणून 'मिट डेम आर्त्स्ट' हवे. हे कारण वाचले की नियम ध्यानात राहतो.

येथे मला एक गोष्ट आवर्जून सांगावयाची आहे. आमच्या मुलांना जर्मन शिकवली जाते ती बहुधा इंग्रजीच्या मार्फत. इंग्रजी कच्ची, म्हणून जर्मन अवघड, असे ती धरून चालतात. वस्तुतः जर्मनच्या अनेक खोडी मराठीला घरच्या आहेत. इंग्रजीत नामाला लिंग उरलेले नाही. मराठीत तीन आहेत आणि जर्मनमध्येही तीनच. शब्दागणिक लिंगे जुळत नाहीत, पण टेबलाला लिंग असते याचे नवल आमच्या पोरांना वाटत नाही. 'मेडशेन' म्हणजे मुलगी, आणि तो शब्द नपुंसकलिंगी. इंग्रजीतून येणारा येथे अडखळतो. ज्याच्या घरात 'ते पोरगं', 'ते लेकरू' म्हणतात त्याने का अडखळावे? जर्मनमध्ये 'शेन' हा लाडाचा, लहानपणाचा प्रत्यय लागला की शब्द नपुंसकलिंगी होतो. आपल्याकडचे लेकरू, वासरू, कोकरू आठवावे.

क्रियापदाचेही तसेच. 'कारण मी थकलेली आहे' हे जर्मनमध्ये 'वाइल इश म्यूडे बिन' असे होते. कारण-मी-थकलेली-आहे, शब्दाला शब्द. क्रियापद शेवटी. इंग्रजीच्या वळणाने विचार करणारी मुलगी 'आहे' मध्ये आणते आणि चुकते.

सर्वांत बोलके उदाहरण थंडीचे. आपण म्हणतो 'मला थंडी वाजते'. जर्मन माणूस म्हणतो 'मिर इस्ट काल्ट'. 'मिर' म्हणजे 'मला'. थंडी मला होते. मी थंड नसतो. इंग्रजीत 'मी थंड आहे' अशी रचना आहे, आणि तिच्यामागून गेलेला विद्यार्थी 'इश बिन काल्ट' लिहितो. हे वाक्य व्याकरणाने ठीक आहे, म्हणून साधन त्याला हात लावीलच असे नाही. पण ऐकणाऱ्याला वाटते की ही व्यक्ती आपल्या मनाचा कोरडेपणा सांगते आहे. ज्या बोलीची लाज वाटावी असे आम्हाला शिकवले गेले, ती बोली येथे आमच्या मुलीला इंग्रजीपेक्षा जवळच्या वाटेने घेऊन जाते. माझ्या वर्गात मी आता जर्मन वाक्य इंग्रजीत सांगत नाही, आधी 'घरी हे कसे म्हणता?' असे विचारतो. लाजत का होईना, उत्तर येते आणि पुष्कळदा तेच उत्तर उपयोगी पडते.

५

साधन कोठे थांबते हे जाणणे अधिक महत्त्वाचे. 'बेकोमेन' हे क्रियापद कानाला इंग्रजीतील 'होणे' या अर्थाच्या शब्दासारखे लागते. अर्थ मात्र 'मिळणे'. 'मला परिचारिका व्हायचे आहे' असे सांगू पाहणारी मुलगी हे क्रियापद वापरते आणि 'मला एक परिचारिका मिळावी' अशा अर्थाचे वाक्य तयार होते. व्याकरणाच्या अंगाने त्यात खोट नाही. 'गिम्नाझिउम' म्हणजे विद्यापीठात जाण्याची तयारी करून घेणारी शाळा. 'मी रोज सकाळी गिम्नाझिउमला जातो' असे लिहिणारा तरुण व्यायामशाळेबद्दल बोलत आहे हे यंत्राला कसे कळावे?

याहून सूक्ष्म उदाहरण पाहा. 'इश हेल्फे डेम पात्सिएन्टेन' म्हणजे मी एका रुग्णाला मदत करते. 'डेम' च्या जागी 'डेन' पडले तर अर्थ होतो, मी रुग्णांना मदत करते, अनेक रुग्णांना. दोन्ही वाक्ये बिनचूक आहेत. एकच रुग्ण मनात असताना 'डेन' लिहिले तर कोणतेही साधन रेघ ओढणार नाही, कारण खाटेवर किती माणसे आहेत हे त्याला दिसत नाही. वॉर्डातल्या नोंदवहीत मात्र एक आणि अनेक यांत फरक असतो. बिनरेघेचे वाक्य म्हणजे खरे वाक्य नव्हे. वाक्याचा अर्थ पाहणे हे लिहिणाऱ्याचेच काम राहते.

संबोधनाचेही असेच आहे. जर्मनमध्ये 'डू' म्हणजे तू आणि 'झी' म्हणजे तुम्ही. अनोळखी प्रौढ माणसाला 'झी' म्हणावयाचे असा तेथील संकेत आहे. झाडूवाला असो की डॉक्टर. साधन दोन्ही रूपे चालवून घेते, कारण समोर कोण आहे ते त्याला ठाऊक नसते. ज्यांच्या आजोबांना गावातली शेंबडी पोरेही 'अरे-तुरे' करीत, त्यांना सर्वनामात काय भरलेले असते हे निराळे सांगायला नको. वृद्ध रुग्णाशी बोलताना 'झी' चुकता कामा नये, एवढे मी विद्यार्थ्यांना सांगतो.

आणखी एक गोष्ट. विद्यार्थी आपला जीवनवृत्तांत साधनात टाकतो तेव्हा पहिली रेघ बहुधा त्याच्या आडनावाखाली येते आणि दुसरी गावाच्या नावाखाली. पाटोदा, वडवणी, धारूर, सगळ्यांखाली लाल. काही मुले हे पाहून खजील होतात. त्यांना मी सांगतो की ही रेघ 'चूक' असे म्हणत नाही. 'माझ्या कोशात नाही' एवढेच म्हणते. कोशात नसणे आणि चुकीचे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या साहित्याचा सारा इतिहास याची साक्ष देईल. 'गोलपिठा' १९७२ साली आला आणि 'बलुतं' १९७८ साली, तेव्हा त्यांतले कितीतरी शब्द प्रतिष्ठितांच्या कोशात नव्हते. शब्द बदलले नाहीत. वाचकांना आपला कोश वाढवावा लागला. या साधनातही 'शब्द कोशात जोडा' अशी सोय असते. आपले आडनाव आणि गाव तेथे जोडावे आणि पुढे जावे. गावाचे नाव यंत्राला आवडेल असे बदलू नये. पारपत्रावर जसे आहे तसेच लिहावे.

६

मग हे साधन वापरावे कसे? माझ्या अनुभवातून काही गोष्टी सांगतो.

पहिला मसुदा कागदावर, हाताने लिहावा. बी-१ पातळीच्या गोएटे परीक्षेत लेखनासाठी ६० मिनिटे आणि तीन प्रश्न असतात. १०० पैकी ६० गुण मिळाले तर तो विभाग उत्तीर्ण. तेथे साधन सोबतीला नसते. जो प्रथमपासून साधनाच्या कुबडीवर चालतो तो तेथे बसकण मारतो.

मजकूर साधनात टाकण्यापूर्वी स्वतः एकदा तपासावा आणि जेथे शंका आहे तेथे पेन्सिलने खूण करावी. मग साधनाच्या रेघा पाहाव्यात. आपली खूण आणि त्याची रेघ जेथे जुळते तेथे आपले ज्ञान पक्के होत आहे. जेथे रेघ आहे पण खूण नाही, तेथे शिकण्यासारखे आहे. जेथे खूण आहे पण रेघ नाही, ते शिक्षकाला विचारावे.

दुरुस्तीवर बोट दाबून पुढे पळू नये. कारण वाचावे, आणि वहीत तीन रकाने करावेत : मी काय लिहिले, काय हवे, का. महिन्याभरात दिसते की आपल्या चुका शंभर प्रकारच्या नसतात. त्याच पाच-सहा पुनःपुन्हा येतात. एका विद्यार्थिनीच्या वहीत पानेच्या पाने 'चतुर्थी' हाच शब्द होता. तिने मग पंधरा दिवस फक्त चतुर्थीचा अभ्यास केला.

साधनाला सुरुवातीलाच देश सांगावा लागतो : जर्मनी, ऑस्ट्रिया की स्वित्झर्लंड. स्वित्झर्लंडमध्ये एक अक्षर वापरतच नाहीत. चुकीचा देश निवडला तर नसत्या रेघा येतात. तसेच 'आ', 'ओ', 'उ' यांवर दोन टिंबे देण्याची अक्षरे मोबाईलच्या कळफलकावर जर्मन भाषा जोडली की मिळतात. ती टाळू नयेत. टिंबांनी शब्द बदलतो.

साधनात टाकलेला मजकूर आपल्या मोबाईलमध्ये राहत नाही. तो दूरच्या कोणाच्या तरी संगणकावर जाऊन परत येतो. म्हणून पारपत्राचा क्रमांक, बँकेचा तपशील, घरचा पत्ता काढूनच मजकूर टाकावा. पुढे रुग्णालयात नोकरी लागल्यावर रुग्णाचे नाव व आजार अशा साधनात कधीही टाकू नये. युरोपीय संघात व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०१८ पासून लागू आहे आणि आरोग्यविषयक माहितीला त्यात विशेष संरक्षण आहे.

शेवटी, अर्जासोबतचे पत्र कोणाकडून विकत घेऊ नये, यंत्राकडून पुरते लिहूनही घेऊ नये. मुलाखतीत पत्रातलेच प्रश्न येतात. सी-१ चे पत्र आणि ए-२ चे बोलणे हा विसंवाद ऐकणाऱ्याला पहिल्याच मिनिटात कळतो.

७

ऊसतोडीच्या धंद्यात हिशोबाची वही मुकादमाकडे असते. उचल किती घेतली, टन किती भरले, खाडे किती झाले, सारे त्या वहीत. माझ्या वडिलांना वाचता येत नव्हते, त्यामुळे हंगामाच्या शेवटी मुकादम सांगेल तो आकडा खरा. भांडण आकड्याशी नसे. वही उघडून दाखवली जात नसे, हे खरे दुखणे होते.

लेखनाच्या दुरुस्तीला मी हीच कसोटी लावतो. नुसता लाल शेरा मारणारा शिक्षक वही मिटून आकडा सांगतो. वाक्य बदलून देऊन कारण न सांगणारे यंत्रही तेच करते. ते वस्ती पाहून हसत नाही एवढाच फरक. उलट जे साधन रेघेबरोबर नियम दाखवते, आणि तो नियम ज्यात लिहिला आहे तो गाभाही ज्याला हवा त्याला उघडून पाहू देते, त्याने वही समोर ठेवलेली असते. विद्यार्थ्याने ती वाचली पाहिजे. न वाचता 'स्वीकारा' ही कळ दाबत राहणे म्हणजे न पाहता अंगठा उठवणे. अंगठा सोडून सही करायला शिकवण्यात आपल्या एका पिढीचे आयुष्य गेले आहे.

पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आहे, मॅक्समुल्लर भवन आहे. तेथे जर्मन शिकण्याची परंपरा जुनी आहे. बीड, अंबाजोगाई, केज, गेवराई येथील मुलांना ती वारशाने मिळालेली नाही. ज्या अंबाजोगाईशी आद्य मराठी कवी म्हणून मुकुंदराजांचे नाव जोडले जाते, त्या परिसरातल्या मुलांना आपली मराठी घेऊन जर्मनपर्यंत जाता आले पाहिजे. त्यासाठी फार मोठी यंत्रणा लागत नाही. लँग्वेजटूलचा खुला गाभा महाविद्यालयाच्या संगणकावर उतरवून घेता येतो आणि मग तो आंतरजालाशिवायही चालतो. ज्या गावात वीज आणि जोडणी दोन्ही बेभरवशाच्या आहेत तेथे ही सोय लहान नाही, आणि मजकूरही बाहेर जात नाही. असा एक संगणक ग्रंथालयाच्या कोपऱ्यात ठेवावा. शेजारी तीन रकान्यांची एक सामाईक वही ठेवावी. तीत प्रत्येकाने आपली चूक, दुरुस्ती आणि कारण मराठीत लिहावे, म्हणजे ऊसतोडीहून उशिरा परतलेल्या मुलीला मागच्या बाकावरून सुरुवात करावी लागणार नाही. आमच्या महाविद्यालयात अशी वही या वर्षी सुरू झाली आहे. इतर ठिकाणच्या शिक्षकांनी ती सुरू केली, तर वह्यांची अदलाबदल करता येईल.